वेरूळची जैन लेणी : आधी दर्शन, मग कैलास

छत्रपती संभाजीनगरहून सुमारे ३० किलोमीटरवरील वेरूळला गेलेली पुष्कळ जैन कुटुंबे कैलास लेण्यातच दमतात आणि ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी घाईने उरकतात. ही लेणी उत्तरेच्या टोकाला, कैलासापासून दीड-दोन किलोमीटरवर आहेत. वृद्ध सोबत असल्यास तिकीट काढताच वाहनाने प्रथम तिकडेच जावे. मंगळवारी लेणी बंद असतात. दिवस मावळेपर्यंत रेंगाळल्यास चौविहार पाळणाऱ्यांचे भोजन चुकते.

इंद्रसभेतील (क्र. ३२) पार्श्वनाथ व बाहुबलींसमोर हात आपोआप जोडले जातात. तथापि ही पुरातत्त्व सर्वेक्षणाने संरक्षिलेली स्मारके. तेथे अभिषेक, केशरपूजा वा दीप यांना मुभा नाही. काहींना हे बोचते. परंतु वरच्या मजल्यावरील छतावर जुन्या रंगचित्रांचे अवशेष अजून टिकून आहेत, त्यांना दिव्याची काजळी कशी सोसावी? पूजेची आस असणाऱ्यांसाठी टेकडीवर शके ११५६ (इ. स. १२३४-३५) चा लेख असलेली भव्य पार्श्वनाथमूर्ती आहे. तेथे आजही पूजा होते. मात्र चढण आहे. गुडघेदुखीच्या मंडळींनी सकाळच्या गारव्यातच निघावे.