हिमकणांचे फोटो काढणारा शेतकरी

पदरचे पैसे जातात, शेजारीपाजारी हसतात, त्यातून भाकरी काही मिळत नाही; तरीही माणूस हौसेने फोटो का काढतो? शहरातल्या सुखवस्तू लोकांचा हा रिकामा उद्योग, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. म्हणून आज तुम्हांला एका शेतकऱ्याचीच हकिकत सांगतो. गाईंच्या धारा काढून, शेत सांभाळून त्याने चाळीसहून अधिक हिवाळे फोटो काढले.

त्याचे नाव विल्सन बेंटली. अमेरिकेच्या ईशान्येला व्हरमाँट नावाचे राज्य आहे. तेथील जेरिको गावी १८६५ साली त्याचा जन्म झाला. घरी दुभती जनावरे आणि शेती. आई लग्नाआधी शाळेत शिकवीत असे. मुलगा पंधरा वर्षांचा झाला तेव्हा तिने आपला जुना सूक्ष्मदर्शक त्याच्या हाती दिला.

वितळणारी रांगोळी

व्हरमाँटचा हिवाळा लांबलचक. आपल्याकडे गारा पडतात, तसे तेथे नव्हे. पिंजलेल्या कापसासारखा हलका बर्फ भुरभुरत खाली येतो. पोराने त्यातला एक कण भिंगाखाली धरला आणि तो थक्क झाला. सहा पाकळ्यांची ठिपक्यांची रांगोळी काढावी तशी रेखीव नक्षी! त्याने ती कागदावर उतरवायला घेतली. पण चित्र पुरे होण्याआधीच कण वितळून जाई.

याला उपाय एकच, कॅमेरा. पण त्याला सुमारे शंभर डॉलर पडणार होते. त्या काळी शेतकऱ्याला ही रक्कम जडच. वडिलांना हा सारा खुळेपणा वाटे; तरी आईने भीड घातली आणि त्यांनी पैसे मोजले. अनेक खटपटी फसल्यावर १५ जानेवारी १८८५ रोजी पहिला फोटो साधला. तेव्हा बेंटलीला विसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

काम नाजूक होते. थंडगार खोपटात उभे राहायचे, काळ्या फळीवर बर्फ झेलायचा, चांगला कण काडीने उचलून काचेवर ठेवायचा आणि पिसाने हळूच दाबून बसवायचा. हे सारे श्वास रोखून. कारण श्वासाच्या उबेनेही कण विरघळतो. असे पाच हजारांवर फोटो त्याने काढले. त्यांत एकासारखा दुसरा कण त्याला आढळला नाही.

यात त्याला काय मिळाले?

पैसा म्हणाल, तर फारसा नाही. काचेवरचे फोटो तो पाच सेंटला एक असे विकी. गावकऱ्यांना बर्फाचे फोटो काढणारा हा गडी विक्षिप्त वाटे. बर्फाला का तोटा आहे? पण एक कण वितळला की ती नक्षी पुन्हा कधीच दिसणार नाही, आणि आपण पाहिले ते दुसऱ्या कोणाला दाखवता येणार नाही, याची त्याला हळहळ लागे. हौशी माणसाच्या हाती कॅमेरा येतो तो बहुधा याच हळहळीपोटी.

दुसरे कारण जिज्ञासा. एकदा नीट पाहायची सवय लागली की माणूस तेथे थांबत नाही. पावसाचा थेंब केवढा असतो, हे बेंटलीला जाणून घ्यायचे होते. त्याने परातभर चाळलेले पीठ पावसात धरले. प्रत्येक थेंबाची पिठात गोळी झाली. गोळ्या वाळवून त्याने मोजल्या आणि १९०४ साली ते निष्कर्ष छापून आले. हा प्रयोग तर कोणाही शेतकऱ्याच्या घरी होण्यासारखा आहे!

१९३१ साली त्याच्या दोन हजारांहून अधिक फोटोंचा ग्रंथ निघाला. त्याच वर्षी डिसेंबरात, हिमवादळातून पायी घरी आल्यावर न्यूमोनियाने तो वारला.

तुमच्या घरी

आज खेड्यापाड्यांतही मोबाइलमध्ये कॅमेरा आहे. तेव्हा तुमची मुलगी कपाशीच्या बोंडाचा किंवा मुलगा कोळ्याच्या जाळ्यावरच्या दंवाचा फोटो काढीत बसला, तर हातचे काम खोळंबले म्हणून रागावण्याआधी एवढे विचारा : “काय दिसले रे तुला?”

आणि वितळणाऱ्या गोष्टी आपल्याकडेही आहेत. जात्यावर बसलेली आजी, दारची बैलजोडी, जुन्या मोटेची विहीर, पेरणीआधी बी निवडणारी आई. आहेत तोवर त्यांचे फोटो घ्या. मोबाइल बिघडला की आतले फोटोही जातात. म्हणून त्यांतले निवडक चार-पाच कागदावर छापून आणा. मागे नाव, गाव आणि तारीख पेन्सिलीने लिहा. बेंटली फोटोबरोबर हवामानाच्याही नोंदी ठेवी, म्हणून त्याचे काम पुढे अभ्यासकांच्या उपयोगी पडले. तुमच्या नातवंडांनाही ट्रंकेतला तो फोटो हाती आल्यावर माणूस कोण आणि बैल कोणाचे, हे कळले पाहिजे.