स्विमिंग पूलची आगोट

माझं पीएच.डी.चं काम पाण्यातल्या क्लोरीनवर आहे. त्यामुळे पिण्याच्या पाण्याइतकेच स्विमिंग पूलचेही प्रश्न माझ्याकडे येतात. यावेळचा प्रश्न रोह्याला लागून असलेल्या वरसे गावातून आला: "नेटवर सगळीकडे लिहिलंय की हिवाळ्यात पूल झाकून बंद करायचा. आपण कधी करायचा? आणि सरळ रिकामा करून ठेवला तर काय बिघडलं?"

थोडक्यात उत्तर: आपल्याकडे पूल बंद करायचा तो पावसाळ्यासाठी. आणि रिकामा मुळीच ठेवायचा नाही. आता कारणं बघू.

हिवाळ्याचा नियम आला कुठून?

अमेरिका, कॅनडा, उत्तर युरोप इथे पाणी गोठतं. गोठताना त्याचं आकारमान साधारण 9 टक्क्यांनी वाढतं. पाइपात, पंपात, फिल्टरमध्ये पाणी राहिलं तर ते फुगून पाइप फोडतं. म्हणून तिथले लोक पाइपातलं पाणी हवेच्या दाबाने बाहेर काढतात, तोंडांना बुचं मारतात आणि पूल झाकून टाकतात. न्यू जर्सीतल्या आपल्या एखाद्या नातेवाइकाच्या घरी हे काम दसरा-दिवाळीच्या सुमाराला चाललेलं असतं.

रोह्यात पाणी गोठत नाही. उलट थंडी म्हणजे फार्महाऊसचा सीझन. आपल्या पुलाची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. कोकणात पावसाच्या तोंडावर घर शाकारायचं, लाकूडफाटा आत घ्यायचा, सुकी मासळी भरून ठेवायची, ही आगोटीची कामं. ज्याच्या आवारात पूल आहे त्याने त्यात आणखी एक धरायचं.

पावसाने किती पाणी बदलतं?

रायगडात पावसाळ्यात साधारण तीन हजार मिलिमीटर, म्हणजे तीन मीटर पाऊस पडतो. पूल दीड मीटर खोल धरा. म्हणजे एका मोसमात पुलाच्या दुप्पट पाणी वरून पडतं आणि तितकंच काठावरून वाहून जातं. पाणी नीट मिसळत गेलं असं मानून हिशोब केला, तर मूळ पाण्यातलं शंभर लिटरमागे जेमतेम तेरा-चौदा लिटर शिल्लक राहतं. त्याच प्रमाणात तुम्ही घातलेली रसायनंही धुऊन जातात. मेमध्ये भरपूर क्लोरीन टाकून ऑक्टोबरपर्यंत निवांत राहू, हा बेत म्हणूनच फसतो.

शिवाय पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. पाण्याचा पीएच सांभाळून धरणारे क्षारच कमी झाले की पीएच घसरतो आणि पाणी टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंट खायला लागतं.

रिकामा पूल म्हणजे होडी

हा मुद्दा सगळ्यात महागात पडणारा. जुलैत खाचरं भरलेली असतात, विहिरी काठाला आलेल्या असतात. म्हणजे तुमच्या पुलाच्या भोवती, जमिनीखाली, पाणीच पाणी. अशा वेळी आतला पूल कोरडा असेल तर त्याचं काय होईल? आर्किमिडीजचा नियम सगळ्यांनी शाळेत पाठ केलाय: वस्तू जितकं पाणी बाजूला सारते, तितक्या वजनाने पाणी तिला वर ढकलतं.

आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, दीड मीटर खोल असा पूल घेऊ. भिंती आणि तळ 15 सेंटिमीटर जाडीचे काँक्रीट. या कवचाचं वजन भरतं साधारण 26 टन. बाहेरचं पाणी काठापर्यंत चढलं तर वर ढकलणारं बल जवळपास 59 टन वजनाइतकं! इतकंही नको, तळाच्या खालच्या बाजूपासून बाहेरचं पाणी फक्त 73 सेंटिमीटर चढलं की दोन्ही बाजू बरोबरीत येतात. पुढे मातीचं घर्षण आणि फरशीचं वजन काय रोखेल तेवढंच. मग तळाला तडे जातात, पाइप तुटतात, कधीकधी अख्खा पूल जागेवरून उचलला जातो.

काही पुलांच्या तळाला दाब सोडणारी झडप असते, पण ती गाळाने बसलेली असेल तर तिचा उपयोग नाही. भरलेला पूल हाच सगळ्यात भरवशाचा उपाय, कारण आतलं पाणीच त्याला खाली दाबून धरतं.

दुरुस्तीसाठी रिकामा करायचाच असेल तर एप्रिल-मे गाठा. आधी शेजारच्या विहिरीत डोकवा. तिथली पातळी पुलाच्या तळाच्या बरीच खाली असेल तरच पाणी काढा. ऑक्टोबरात पाऊस थांबतो, पण जमिनीतलं पाणी लगेच उतरत नाही, हे विसरू नका.

झाकायचा कसा?

ताडपत्री ओढून कडेला दगड ठेवायचे, ही नेहमीची पद्धत. वरच्याच पुलावर एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला (कोकणात ही काही मोठी बातमी नाही) तर ताडपत्रीवर 3,200 लिटर, म्हणजे 3.2 टन पाणी साठतं. ताडपत्री झोळीसारखी खाली जाते, दगड आत येतात.

त्यापेक्षा दोन मार्ग बरे. एक, पाणी खाली जाऊ देणारी घट्ट विणीची गडद जाळी, कडेच्या हुकांना ताणून बांधलेली. पालापाचोळा अडतो आणि ऊनही कमी होतं. ऊन कमी म्हणजे शेवाळ कमी, आणि क्लोरीनही जास्त टिकतो. दुसरा मार्ग, पाइपांच्या सांगाड्यावर उतरतं छप्पर, पागोळ्या पुलाबाहेर पडतील असं.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत: साधी ताडपत्री म्हणजे सुरक्षा नव्हे. ऑफ-सीझनमध्ये मालक मुंबई-पुण्यात असतात. आवारात असतं ते राखणदाराचं कुटुंब, त्यांची लहान मुलं. ताडपत्री लहान मुलाला जमिनीसारखी दिसते. पाय पडला की ती बुडते आणि वरून गुंडाळते. आत कोण आहे हे काठावरून दिसतही नाही. पुलाभोवती कुंपण आणि बंद होणारं फाटक हवंच. झाकणाच्या खर्चाआधी हा खर्च.

डास: अर्धवट काही नको

डासांच्या अळ्यांना साचलेलं, संथ पाणी लागतं. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून झाकणावरची डबकीसुद्धा आठवड्यातून एकदा झाडून काढायची.

पुलासाठी दोनच पर्याय आहेत. कोणी रोज बघणारं असेल तर फिल्टर रोज थोडा वेळ चालवा, लिटरमागे 1 ते 3 मिलिग्रॅम क्लोरीन आणि पीएच 7.2 ते 7.6 ठेवा. पीएच इतका महत्त्वाचा का? क्लोरीनचं जंतू मारणारं रूप म्हणजे हायपोक्लोरस आम्ल. पीएच 7.5 ला निम्मा क्लोरीन या रूपात असतो, 8 ला जेमतेम पाव.

कोणीच नसेल तर क्लोरीन थांबवा, आहे तो उडून जाऊ द्या आणि आरोग्य विभाग वापरतो ते गप्पी मासे सोडा. क्लोरीनही आणि मासेही, हे जमत नाही, मासे मरतात. फक्त पूल भरून वाहिला तर मासे ओढ्यात जाणार नाहीत, यासाठी सांडव्याला बारीक जाळी लावा. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेचे, आपल्या ओढ्यात त्यांचं काम नाही.

मे महिन्यातली यादी

1. तळ आणि भिंती घासा, गाळ काढा, पीएच जुळवा.
2. सांडव्याचा पाइप मोकळा करा. पूल भरलेलाच ठेवा.
3. पंपाची वायर, अर्थिंग आणि गळती प्रवाह तोडणारा स्विच वायरमनकडून तपासून घ्या.
4. कुंपण आणि फाटक दुरुस्त करा, मग जाळी ताणा.
5. उरलेली रसायनं कोरड्या, हवेशीर जागी, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा. ब्लीचिंग पावडर आणि क्लोरीनच्या गोळ्या (ट्रायक्लोरो) एका डब्यात किंवा एकाच मापाने कधीही नाही. दोन्ही एकत्र येऊन ओलावा लागला तर विषारी वायू सुटतो, आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. पावसाळी दमट खोलीत हा धोका वाढतो.
6. राखणदाराला हे सगळं समजावून सांगा. चार महिने पूल सांभाळणार आहे तो, तुम्ही नाही.