पुढचं ठरवण्याआधी मागचं मोजू या



मार्च महिना म्हणजे गटाच्या हिशोबाचा महिना. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं, सचिव ताई वह्या पूर्ण करतात आणि एप्रिलमध्ये पुढच्या वर्षाचा आराखडा भरायचा असतो. बैठकीत प्रश्न येतो, "ताई, यंदा काय करणार?" एक जण म्हणते शिलाई मशीन, की शेजारची म्हणते, "माझंही तेच लिहा." पण "गेल्या वर्षी तुम्ही काय केलं?" असं विचारलं तर बहुतेक जणी मान खाली घालून म्हणतात, "मी काय केलं? घरीच तर होते."

हे दोन्ही एकाच कारणानं होतं. आपण काय केलं ते मोजलेलं नसतं, म्हणून पुढचं ध्येय दुसरीचं बघून ठरतं. आणि उसन्या ध्येयासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता मात्र आपल्यालाच भरावा लागतो.

"घरीच होते" म्हणजे किती?

२०१९ साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं लोकांचा वेळ कुठे जातो याची देशभर पाहणी केली. स्वयंपाक, झाडलोट, धुणीभांडी अशा बिनपगारी घरकामात बाईची रोज सरासरी २९९ मिनिटं जातात, असं त्यात आढळलं. म्हणजे जवळजवळ पाच तास. अशी कामं करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटं जातात. मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळण्याचा वेळ यात धरलेला नाही, तो वेगळा मोजलाय. एवढं करून आपण बैठकीला येतो, बचत भरतो, शेतात जातो. म्हणून "काहीच केलं नाही" हे वाक्य वहीत लिहायचं नाही.

मागच्या वर्षाचं पान

प्रत्येकीनं वहीचं एक पान घ्यावं. लिहिता येत नसेल तर मुलीला किंवा शेजारणीला सांगून लिहून घ्यावं. पानावर चार गोष्टी लिहायच्या:

१. पैशाचं: बचत किती झाली, कर्ज किती घेतलं, किती फेडलं, घरात नवीन काय आलं.
२. शिकण्याचं: कोणतं काम पहिल्यांदा जमलं. बँकेत एकटीनं जाऊन पैसे काढले, सही शिकले, लोणच्याचं पॅकिंग शिकले.
३. घरचं आणि तब्येतीचं: मुलीची शाळा चालू ठेवली, रक्त तपासून घेतलं, जमिनीच्या उताऱ्यावर नाव लावायला अर्ज दिला.
४. गावचं: ग्रामसभेत बोलले, पाण्याचा प्रश्न मांडला. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, तिथे गेलात तर तेही लिहा.

आठवणीवर सगळं सोडू नका. बचतीचं पासबुक, गटाचं कर्ज खातं, हजेरी हे समोर ठेवा. आकडा असेल तिथे आकडा लिहा.

एक उदाहरण पाहू

समजा, एका ताईंनी गेल्या मे महिन्यात गटातून शेकडा २ रुपये व्याजानं १५,००० रुपये घेऊन दोन गाभण शेळ्या घेतल्या. चार करडं झाली. एक पावसाळ्यात हगवणीनं गेलं, दोन बोकड विकून १२,००० रुपये आले, एक पाठ घरी राहिली. पेंड-औषधाला १,८०० रुपये लागले. जून ते मार्च दहा हप्त्यांत १०,००० मुद्दल आणि २,१०० व्याज असे १२,१०० रुपये भरले.

रोख बघितली तर आलेल्या पैशापेक्षा १,९०० रुपये जास्तच गेले. ते मजुरीतून घातले. म्हणून ताई म्हणतात, "शेळ्यांत तोटाच झाला," आणि दोन्ही विकून टाकायचं ठरवतात.

आता पूर्ण पान वाचा. दावणीला दोन शेळ्या आणि एक पाठ आहे. कर्ज फक्त ५,००० राहिलंय. म्हणजे वर्षभरात ताईंनी १०,००० रुपयांचं कर्ज उतरवलं आणि एक जनावर वाढवलं. शिवाय एकही हप्ता चुकला नाही.

आता पुढचं ध्येय

या पानावरूनच पुढचं वर्ष दिसतं. ताईंनी लिहावं: ऑगस्टपर्यंत उरलेले पाच हप्ते पूर्ण करीन. पावसाळ्याआधी पशुसखीला बोलावून जंताचं औषध देईन आणि आंत्रविषाराची लस टोचून घेईन. पाठ विकणार नाही. नवीन कर्जाचा विचार त्यानंतर.

शेजारणीनं दहा शेळ्या घेतल्या म्हणून ताईंनीही घेतल्या असत्या, तर चारा कुठून आणला असता? हप्ता भरायला दुसरं कर्ज, त्यासाठी तिसरं, अशा साखळीत किती घरं अडकली हे आपण आपल्याच गावात बघतो.

ध्येय दोन-तीनच ठेवा. प्रत्येकापुढे महिना, रक्कम आणि मदत कोणाची लागेल ते लिहा. "धंदा वाढवीन" यापेक्षा "दिवाळीपर्यंत दोन दुकानांत पापड ठेवीन" हे बरं. ते झालं की नाही, हे दिवाळीला लगेच कळतं.

ज्यांचं वर्ष कठीण गेलं त्यांच्यासाठी

एखादीच्या घरी आजारपण झालं असेल, पीक गेलं असेल, घरातलं माणूस गेलं असेल. तिच्या पानावर पैशाचा रकाना रिकामा राहील. त्या ताईंनी लिहावं, घर मोडू दिलं नाही, मुलांना उपाशी ठेवलं नाही. हेही कामच आहे. हप्ते थकले असतील तर तेही लिहावं, म्हणजे गटाला हप्ता लहान करून देण्याचा विचार करता येईल. एकीचं पान दुसरीच्या पानाशी लावून बघायचं नाही.

गटानंही आपलं पान लिहावं

वर्षात बैठका किती झाल्या, हजेरी किती, बचत किती, अंतर्गत कर्ज किती जणींना मिळालं, परतफेड वेळेवर किती. पंचसूत्रीचे हेच आकडे बँक कर्ज देताना बघते. आपण ते आधी बघितले तर किती कर्ज मागायचं, हेही आपल्यालाच ठरवता येईल.

मार्चच्या शेवटच्या बैठकीत अर्धा तास यासाठी ठेवा. प्रत्येकीनं पानावरची एक गोष्ट उभं राहून सांगावी, बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात. आराखड्याचा फॉर्म त्यानंतर काढा.