तांदळातले खडे आणि अर्थशास्त्र

अर्थशास्त्र म्हटले की आपल्या मध्यमवर्गीय घरांत दोनच चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. एक, लोकसभेत अंदाजपत्रक वाचणारे अर्थमंत्री. आणि दुसरे, शेअरबाजाराच्या आकड्यांकडे डोळे लावून बसलेले शेजारचे काका! त्यामुळे घरातल्या मुलाने किंवा मुलीने "मला अर्थशास्त्र शिकायचंय" असे म्हटले, की आईबापांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे पुढं बँकेत का?" बँकेत नोकरी करणे वाईट नाही, पण विद्यापीठाच्या वरच्या वर्गांत या विषयाच्या नावाखाली जे शिकवले जाते, त्याचा या दोन्ही चित्रांशी फारसा संबंध नाही. तो कशाशी आहे, हेच आज वाचकांना सांगायचा विचार आहे.

मी काही या विषयातली पंडिता नव्हे. नोकरीनिमित्त दिल्लीत आले, इथेच राहिले आणि इथेच निवृत्त झाले. तीन वर्षांपूर्वी माझी भाची नाशिकहून बारावी होऊन दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या बी. ए. ऑनर्सला आली आणि तिचे पालकत्व ओघानेच माझ्याकडे आले. इंजिनिअरिंगची जागा मिळत असताना मुलीने बी. ए. करावे, हे आमच्या मेहुण्यांना मुळीच पटलेले नव्हते. दर महिन्याला फोनवर त्यांचा एकच प्रश्न : "ताई, तिथं नेमकं शिकवतात तरी काय?" त्यांना नीट उत्तर देता यावे म्हणून मी संध्याकाळी तिच्या पुस्तकांपाशी बसू लागले. आणि खरे सांगते, मालिका बघायच्या राहून गेल्या!

दिल्ली विद्यापीठाची रीत अशी, की पुष्कळ कॉलेजे हा विषय शिकवतात. पण अभ्यासक्रम एक आणि परीक्षाही एक. एम. ए. चे वर्ग चालतात ते डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९४९ साली सुरू झालेल्या दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. अमर्त्य सेन यांनी १९६३ ते १९७१ या काळात तिथेच अध्यापन केले. बी. ए. च्या मुलांची सुरुवातीची वर्षे पाया घालण्यात जातात. एका गिऱ्हाइकाचा, एका कारखान्याचा विचार करणारे सूक्ष्मलक्ष्यी अर्थशास्त्र, साऱ्या देशाचा विचार करणारे समग्रलक्ष्यी अर्थशास्त्र, आणि जोडीला गणित व संख्याशास्त्र. हा पाया भरला की वरच्या वर्गांतले विषय येतात, आणि तिथे खरी गंमत सुरू होते.

टुल्लू पंपाचा खेळ

यातला एक विषय म्हणजे गेम थिअरी. नाव खेळाचे, पण प्रश्न जन्माचा : माझा फायदा जर दुसरा काय करील यावर अवलंबून असेल, तर मी काय करावे? या शास्त्रातला एक मोठा टप्पा गाठला तो जॉन नॅश या तरुण गणित्याने, १९५० साली, प्रिन्स्टन विद्यापीठाला सादर केलेल्या अगदी छोट्याशा प्रबंधात. त्याबद्दलचे नोबेल पारितोषिक मात्र त्याला मिळाले १९९४ साली!

भाचीने मला हे समजावून दिले ते आमच्याच इमारतीचे उदाहरण घेऊन. आमच्याकडे नळाला पाणी तासभर येते. कोणीच पंप लावला नाही, तर सर्वांना बेताचे पाणी मिळते. पण एकाने नळाच्या लाइनला टुल्लू पंप जोडला, की तो शेजाऱ्याचेही पाणी ओढून घेतो. मग शेजारीही पंप आणतो. शेवटी साऱ्यांचे पंप घरघरत असतात, पाणी तेवढेच मिळते, विजेचे बिल मात्र वाढते, आणि फुटक्या पाइपातली घाण ओढली जाते ती निराळीच. गंमत अशी की यात मूर्ख कोणीच नाही. प्रत्येकाने आपल्यापुरता शहाणपणाचाच निर्णय घेतलेला असतो!

"मावशी, मग तू लोकांना चांगलं वागा म्हणून किती सांगितलंस तरी उपयोग नाही," ती म्हणाली, "खेळाचे नियमच बदलायला हवेत." सोसायटीच्या सभेत तिने हेच कागदावर मांडून दाखवले. खाली एक सामाईक टाकी, तिला एकच पंप, आणि लाइनला पंप जोडणाऱ्याला दंड. सभासदांनी दोन महिने वाद घातला आणि शेवटी ते मान्य केले. मेहुण्यांच्या प्रश्नाचे हे माझे पहिले उत्तर.

अमेरिकन प्राध्यापक आणि आपले सूप

दुसरा विषय माहितीचा. विकणाऱ्याला मालाची खरी जात ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. अशा बाजारात काय घडते? जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन याचे उत्तर दिले. गिऱ्हाइकाला चांगली गाडी आणि भंगार यांतला फरक कळत नाही, म्हणून तो मधलीच किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक गाडी विकायला काढीतच नाही. मग बाजारात उरतात त्या भंगार गाड्या, आणि हळूहळू बाजारच बसतो. हा लेख तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता. अखेर तो १९७० साली छापून आला आणि २००१ साली लेखकाला नोबेल मिळाले.

मला नवल वाटले ते पुढेच. हे अकरलॉफ १९६७-६८ मध्ये वर्षभर भारतात येऊन राहिले होते, आणि त्यांच्या त्या जगप्रसिद्ध लेखात चक्क आपली गृहिणी आहे! दुकानदाराने तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळासारखेच दिसणारे खडे भारतीय गृहिणीला निवडून काढावे लागतात, असा उल्लेख त्यांनी केला आहे. ज्या कामाला आपण 'बायकांचे रिकामपणचे काम' म्हणत आलो, ते म्हणजे अप्रामाणिकपणाने समाजावर लादलेला खर्च आहे, ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली. माझ्या आईने सूप आणि ताट घेऊन किती दुपारी घालवल्या असतील, त्याचा हिशेब कोणी मांडला होता?

आणि मग या विषयाची उत्तरे आपल्या घरात दिसू लागतात. तुपाच्या डब्यावरचा आगमार्क ज्या कायद्यातून आला, तो १९३७ सालचा. सोन्याच्या दागिन्यावरचा हॉलमार्क २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. धनत्रयोदशीला सोनाराच्या पेढीवर तो शिक्का पाहून आपण निर्धास्त होतो. तो शिक्का म्हणजे विकणाऱ्याची माहिती घेणाऱ्यापर्यंत पोचवण्याची युक्तीच होय.

कारण की योगायोग?

तिसरा विषय अर्थमिती, इंग्रजीत इकॉनॉमेट्रिक्स. मुले याला सर्वांत जास्त घाबरतात. यावरचे एक जाडजूड, गाजलेले पुस्तक १९७८ साली प्रथम निघाले. त्याचे लेखक दामोदर गुजराती हे मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी, हे ऐकून मला उगाचच बरे वाटले!

अर्थमितीचे काम म्हणजे 'यामुळे ते झाले' असे छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसाला थांबवून 'कशावरून?' असे विचारणे. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने एप्रिल १९९२ मध्ये किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. आता नोकऱ्या घटतील, असा पुष्कळांचा होरा होता. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या दोघांनी न्यू जर्सीतली आणि वेतन न वाढलेल्या शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली मिळून सुमारे चारशे उपाहारगृहे वेतनवाढीच्या आधी आणि नंतर तपासली. दोन्हीकडच्या बदलांतला फरक काढला. न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचे दिसले नाही. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण शेजाऱ्याशी ताडून पाहण्याची ही रीत मान्य झाली. कार्ड यांना २०२१ चे नोबेल मिळाले. क्रूगर मात्र त्याआधीच, २०१९ मध्ये वारले होते.

हंडा कोणाच्या डोक्यावर?

हीच रीत आपल्या खेड्यांना लावली की काय दिसते, ते विकासाच्या अर्थशास्त्रात कळते. १९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींतल्या एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या. सरपंचपदेही राखीव झाली आणि ती आळीपाळीने गावोगाव फिरू लागली. त्यामुळे राखीव गावे आणि बाकीची गावे यांची तुलना जणू चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी शक्य झाली. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी बंगाल व राजस्थानातल्या अशा पंचायती तपासल्या. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात आढळले, की जिथे बाई प्रमुख, तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झाले. डोक्यावर हंडा ज्यांच्या, त्यांच्या हाती निर्णय आला एवढेच! 'बाई नावापुरती, कारभार नवऱ्याचा' असे आपण सहज म्हणून जातो. तसे नेहमीच नसते, हे इथे आकड्यांनी दाखवले.

याच विषयात सेन यांचे १९८१ चे दुष्काळावरचे पुस्तक येते. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नान्न करून मेली. पण त्या वर्षी तिथे १९४१ पेक्षा कमी धान्य होते असे नव्हे. ते विकत घेण्याची ताकद मजुराच्या हाती उरली नव्हती. हे वाचताना मला आपला १९७२ चा दुष्काळ आठवला. त्या वेळी सरकारने कामे काढली, हाताला मजुरी दिली. वि. स. पागे यांनी ज्या कल्पनेचा पाठपुरावा केला, त्या रोजगार हमीचा महाराष्ट्राने १९७७ मध्ये कायदा केला. देशाला तसा कायदा व्हायला २००५ साल उजाडले.

गणिताचा उंबरठा

आता आईबापांनी नीट ऐकावे अशी गोष्ट. या वरच्या वर्गांच्या दारात गणिताचा उंबरठा आहे. कलनशास्त्र, मॅट्रिक्स, संभाव्यता यांवाचून वर सांगितलेल्या एकाही विषयाची पहिली दहा पाने ओलांडता येत नाहीत. म्हणून दिल्लीत या ऑनर्सला बारावीला गणित असल्याशिवाय प्रवेश मिळत नाही. आपल्याकडे मात्र 'आर्ट्स घेतलं ना, मग सुटलं गणित!' असे म्हणून दहावीनंतर पेढे वाटतात. पंधरा वर्षांच्या मुलाला पत्ताही नसतो, की आपण आज कोणते दार लावून घेतले. मुंबई-पुण्याच्या आपल्या कॉलेजांतून गणिताशिवायही अर्थशास्त्राची पदवी मिळते. पण पुढे एम. ए. ला चांगल्या संस्थेत जायचे म्हटले की तेच दार पुन्हा आडवे येते. आपल्या बारावी बोर्डाचा गणिताचा विषय कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांसाठी आहे. प्रत्येक कॉलेजात कला शाखेच्या मुलांसाठी त्याची सोय असते असे नाही. पण अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वी चौकशी करायला काय हरकत आहे?

चौथे वर्ष

२०२२ पासून दिल्ली विद्यापीठात चार वर्षांची योजना आली. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते. चौथे वर्ष केले तर त्यात प्रबंध लिहिता येतो. आमच्या घरात यंदा यावरूनच पेच पडला. भाचीच्या हातात एका कंपनीची नोकरी होती, आणि धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला जायच्या बेतात. मेहुणे दिल्लीला आले ते मनाशी ठरवूनच.

भाचीने आधी स्वतःच हिशेब मांडला. फी थोडी, राहणे माझ्याकडे. खरा खर्च तो वर्षभराच्या पगाराचा. पुस्तकी भाषेत याला संधीचा खर्च म्हणतात. मग तिने प्रबंधाचा विषय सांगितला : कांदा.

मेहुणे नाशिकचे. कांद्यावर त्यांना कोणी काय शिकवावे! "डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी घातली आणि लासलगावला भाव कोसळले. त्यात शोधायचंय काय?"

"बाबा, बंदी घातली नसती तर भाव किती राहिला असता?"

"म्हणजे?"

"त्या दिवसांत नवा कांदा येऊन भाव दरवर्षी थोडे उतरतातच. मग बंदीमुळे किती पडले आणि आवक वाढल्यामुळे किती? शेतकऱ्याचं नेमकं नुकसान किती, ते कुणीतरी मोजून सांगायला नको?"

मेहुणे बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या चुलत भावाने त्या हंगामात कांदा मातीमोल विकला होता, हे मला माहीत होते. रात्री जेवताना ते म्हणाले, "एक वर्ष. त्यानंतर मात्र नोकरी." भाचीने मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून बारावीच्या दोन मुलींना गणिताची शिकवणी सुरू केली. भावाच्या फीला तेवढाच हातभार! कंपनीची नोकरी गेली. पुढल्या वर्षी तशीच मिळेल याची हमी कोणीही दिलेली नाही.

तेव्हा यंदाच्या दिवाळीत घरातल्या मुलांशी पुढच्या शिक्षणाच्या गोष्टी निघाल्या, तर 'यातून पगार किती?' हे अवश्य विचारा. तो प्रश्न गैर नाही. पण त्याच्या जोडीला आणखी एक विचारा : या शिक्षणाने तुला कोणता प्रश्न सोडवता येईल? उत्तर देताना मुलाचा चेहरा उजळला, तर अकरावीचे गणित तेवढे सोडू देऊ नका. लासलगावच्या बाजार समितीतले रोजचे भाव लिहून पाठवण्याचे काम सध्या आमच्या मेहुण्यांकडे आहे, आणि ते एकही दिवस चुकवीत नाहीत.