पॉझिटिव्ह म्हणजे चांगले?

२०२० सालचे ते दिवस आठवा. फोन वाजला, की घरातले सगळे श्वास रोखून उभे राहायचे. ‘निगेटिव्ह आलाय!’ असे कानावर पडले, की देवापुढे साखर ठेवली जायची. आणि त्याच घरात मुलांना उपदेश चालू असायचा, ‘निगेटिव्ह विचार करू नका, पॉझिटिव्ह राहा.’ बिचाऱ्या मुलांनी समजायचे तरी काय?

हे दोन्ही शब्द आता आपल्या घरचेच झाले आहेत. पण प्रत्येक क्षेत्रात त्यांचा अर्थ निराळा. विजेचेच पाहा. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने विजेच्या दोन बाजूंना ही नावे दिली. पुढे १८९७ मध्ये थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला आणि तो निघाला निगेटिव्ह! तारेतून धावणारे हे कण निगेटिव्हकडून पॉझिटिव्हकडे जातात, पुस्तकातला बाण मात्र अजून उलटाच दाखवतो. आपण शाळेत याला धन आणि ऋण म्हणतो. हे शब्द तर ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्येच संख्यांसाठी वापरले होते. धन म्हणजे जमा, ऋण म्हणजे कर्ज.

छायाचित्रणात हे शब्द १८४० मध्ये जॉन हर्शेलने आणले. कपाटातल्या जुन्या पाकिटातली निगेटिव्ह उजेडाकडे धरून पाहा. आजीचे पांढरे केस काळेभोर दिसतील! जिथे प्रकाश पडला तिथे काळे, एवढाच तिथे अर्थ.

खरा घोटाळा होतो तो दवाखान्यात. तिथे पॉझिटिव्ह म्हणजे ‘जे शोधत होतो ते सापडले’. क्षयाचे जंतू सापडले तरी पॉझिटिव्ह, आणि बाळाची चाहूल लागली तरी पॉझिटिव्हच. एका घरात रडू, दुसऱ्या घरात पेढे!

रक्तगटातला निगेटिव्ह आणखी वेगळा. लाल पेशींवर ‘डी’ नावाचा एक घटक नसतो, इतकेच त्यातून कळते. तो आजार नव्हे आणि दोष तर मुळीच नव्हे. तरीही सुनेच्या रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ दिसले, की काही घरांत कुजबुज सुरू होते. कुजबुजीऐवजी काळजी घ्यावी. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात बाळाच्या पेशी आईच्या रक्तात मिसळू शकतात. मग आईचे शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. पहिले मूल बहुधा सुखरूप असते, धोका पुढच्याला. त्यावर उपाय आहे ‘अँटी-डी’चे इंजेक्शन. बाळंतपणानंतर ते ७२ तासांच्या आत द्यायचे असते. गरोदरपणात किंवा गर्भपातानंतरही ते लागू शकते, म्हणून डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. एका शब्दाचा अर्थ नीट न कळल्याने पुढचे बाळ संकटात यावे, यासारखे दुर्दैव नाही.

तेव्हा रिपोर्ट हातात आला, की हसण्याआधी किंवा रडण्याआधी डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारा. ‘यात काय शोधले होते? आणि आता पुढे काय करायचे?’ निगेटिव्ह आला तरीही विचारा, कारण नमुना फार लवकर घेतला असेल, तर असलेला आजारही कधीकधी दिसत नाही.

आणि हो, घरातल्या प्रत्येकाचा रक्तगट एका कागदावर लिहून तो फोनजवळ लावून ठेवा. पुढचे धन-ऋणाचे चिन्ह तेवढे विसरू नका!