डोळ्यांच्या ब्लेडलेस ऑपरेशनमागे आहे ‘हा’ प्रोफेसर आणि लॅबमधला एक अपघात

चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या ‘ब्लेडलेस लॅसिक’ची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. त्यात ब्लेडचं काम करणारा लेसर मुळात डोळ्यांसाठी बनलाच नव्हता. त्यामागे आहे जेरार मुरू यांचं संशोधन. मूळचे फ्रान्सचे मुरू अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे प्रोफेसर होते.

अडचण काय होती?

मुरू १९७७ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात आले. लेसरचे अतिशय छोटे पल्स, म्हणजे प्रकाशाचे क्षणिक झोत, तेव्हाही तयार करता येत होते. पण त्यांची ताकद वाढवायला गेलं की लेसरचे भागच खराब व्हायचे.

१९८५ मध्ये मुरू आणि त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी डोना स्ट्रिकलंड यांनी यावर तोडगा काढला:

१. आधी पल्स ताणून लांब करायचा, म्हणजे त्याची तीव्रता कमी होते.
२. मग त्याची ऊर्जा वाढवायची.
३. शेवटी तो पुन्हा आखूड करायचा. सगळी ऊर्जा एका क्षणात एकवटते.

हेच ‘चर्प्ड पल्स ॲम्प्लिफिकेशन’ किंवा सीपीए.

मग डोळ्यांचा संबंध कुठे आला?

१९८८ मध्ये मुरू मिशिगनला गेले. तिथल्या लॅबमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून लेसर गेला. त्याला तपासणारे डॉक्टर रॉन कर्ट्झ चकित झाले. जखम अगदी नेमकी होती, आजूबाजूला भाजल्याची खूण नव्हती.

कारण हे पल्स फेमटोसेकंदांचे होते. एका सेकंदापुढे एक फेमटोसेकंद म्हणजे सुमारे ३ कोटी वर्षांपुढे एक सेकंद! इतक्या कमी वेळात उष्णता बाजूला पसरतच नाही.

कर्ट्झ पुढे मुरूंच्या टीमसोबत काम करू लागले. त्यातून १९९७ मध्ये ‘इंट्रालेझ’ ही कंपनी उभी राहिली. लॅसिकमध्ये कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, आधी एक पातळ झडप कापतात. पूर्वी त्यासाठी ब्लेड लागायचं. आता तिथे फेमटोसेकंद लेसर वापरता येतो. नंबर घालवण्यासाठी कॉर्नियाला आकार देणारा लेसर मात्र वेगळा असतो.

नोबेल कधी मिळालं?

२०१८ मध्ये, म्हणजे तब्बल ३३ वर्षांनी. भौतिकशास्त्राच्या त्या नोबेलचा अर्धा वाटा आर्थर ॲश्किन यांना मिळाला, उरलेला अर्धा मुरू आणि स्ट्रिकलंड यांना. विशेष म्हणजे, १९८५ चा तो रिसर्च पेपर स्ट्रिकलंड यांचा आयुष्यातला पहिलाच होता. त्यात डोळ्यांच्या ऑपरेशनचा विषयही नव्हता.