डच निसर्गचित्रं पाहताना (लेखांक ७) : ऊन कुठे पडलंय?

मागच्या आठवड्यात यान व्हान गोयेनचं मातकट रंगांतलं नदीकाठचं चित्र पाहिलं. आज त्याच्या पुढच्या पिढीतला याकोब व्हान राउसडाल. त्याने १६७०च्या सुमाराला रंगवलेला हार्लेम शहराचा देखावा हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. चित्र जेमतेम दोन फुटांचं.

त्यातला दोन-तृतीयांश भाग नुसतं आभाळ. शहर क्षितिजावरच्या बारीक पट्टीत आटोपलंय. सेंट बाव्हो चर्च तेवढं डोकं वर काढून उभं. एवढं आभाळ का? ‘देशच सपाट, म्हणून’ हे ठरलेलं उत्तर मला अपुरं वाटतं. क्षितिज कुठे ठेवायचं हे चित्रकार ठरवतो, जमीन नव्हे.

ऊन कुठे पडलंय ते आधी पाहा. पुढचा वाळूच्या टेकडीचा उतार सावलीत आहे. उजळलंय ते त्याच्या पायथ्याचं कुरण, आणि त्यावर लांबच लांब पांढऱ्या पट्ट्या अंथरल्यात. ते लिननचं कापड आहे.

लिनन शुभ्र करून द्यावं ते हार्लेमनेच, अशी ख्याती होती. परदेशांत विणलेलं कोरं कापडही इथे येई. ते क्षाराच्या पाण्यात भिजवायचं, धुवायचं, गवतावर पसरायचं, वर पाणी शिंपडत राहायचं. मग पुन्हा क्षार, पुन्हा ऊन. त्यानंतर ताकात बुडवायचं. हो, आंबट ताकात! कापडात उरलेला क्षार त्याने मरे. क्लोरीनचा शोध लागला १७७४ मध्ये. तोवर कापड पांढरं व्हायला महिनेच्या महिने जात. वाळूच्या टेकड्यांतून झिरपणारं नितळ पाणी हाताशी होतं, ताकही होतं. ऊन मात्र ढगांच्या मर्जीवर. राउसडालचं आभाळ म्हणूनच मला पार्श्वभूमी वाटत नाही. खालच्या माणसांबरोबर तेही कामाला लागलेलं आहे.

याच शहराने १५७२-७३ मध्ये स्पॅनिश फौजेचा सात महिन्यांचा वेढा सोसला होता. पुढे फ्लँडर्समधून पळून आलेल्या विणकरांनी इथला कापडधंदा वाढवला. सेंट बाव्हो कॅथलिकांकडून प्रोटेस्टंटांकडे गेलं आणि चर्चसाठी धर्मचित्रं रंगवण्याचं काम चित्रकारांच्या हातून सुटलं. आता गिऱ्हाईक म्हणजे सुखवस्तू शहरी माणूस. त्याला घरच्या भिंतीवर आपलाच मुलूख हवा होता. अशा देखाव्यांना ‘हार्लेम्प्ये’, म्हणजे ‘छोटं हार्लेम’, असं लाडकं नावही पडलं. राउसडालने ते अनेकदा रंगवले, तेही ॲमस्टरडॅमला बिऱ्हाड हलवल्यानंतर. १६८२ मध्ये त्याला पुरलं मात्र हार्लेममध्येच, त्या सेंट बाव्होत.

कापडाच्या पट्ट्यांजवळ ठिपक्यांएवढी माणसं राबताना दिसतात. छापील चित्रात शोधायला भिंग लागेल. पुढच्या आठवड्यात राउसडालचा शिष्य होब्बेमा आणि त्याचा झाडांच्या दोन रांगांमधला, मिडलहार्निसकडे जाणारा रस्ता.